समारंभांचे आपत्कालीन नियोजन

जत्रा, यात्रा, सप्ताह, विवाह, सभा, मोर्चे, क्रीडास्पर्धा, प्रदर्शने इ. पूर्वनियोजित प्रसंगी एकत्र येणाऱ्या जनसमुदायाचे संभाव्य संकटांपासून रक्षण व्हावे, म्हणून आगाऊ केलेल्या तरतुदींस समारंभांचे आपत्कालीन नियोजन असे म्हणतात. समारंभ ठरल्याप्रमाणे पार पडावा म्हणून केलेले नियोजन वेगळे आणि तो ठरल्याप्रमाणे पार पडला नाही, तर काय, कोणी व केव्हा करावयाचे हे ठरविणारे नियोजन वेगळे. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

भूकंप, महापूर यांसारख्या नैसर्गिक आपत्ती व समारंभातील आपत्ती यांत एक मूलभूत फरक आहे. भूकंपाची वेळ आधी कळत नाही. समारंभाची तिथी, स्थळ, येण्याजाण्याच्या वाटा आणि येणाऱ्या लोकांची अदमासे संख्या या गोष्टी मात्र कित्येक दिवस, पुष्कळदा वर्षभर आधी ज्ञात असतात. त्यामुळे अशा प्रसंगी होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य टाळता येण्याजोगे असतात. त्यांस दैवदुर्विलास म्हणण्याची रूढी असली, तरी घटनांच्या अभ्यासावरून उलट निष्कर्ष निघतो. धोक्याची जागा बहुतेक वेळा आधीपासून दिसत असते. ती पाहून कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे तेवढे ठरलेले नसते.

पूर्वपीठिका : मोठ्या जनसमुदायाची व्यवस्था हा भारतातील तीर्थक्षेत्रांचा जुना प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हरद्वार येथील मेळ्यात अरुंद घाटावर झालेल्या चेंगराचेंगरीत सु. ४३० माणसे मृत्यू पावली. त्यांत बंदोबस्तावरील शिपायांचाही समावेश होता. या दुर्घटनेनंतर तेथील घाट रुंद करून १०० फूट रुंदीच्या ६० पायऱ्या बांधण्यात आल्या. दुर्घटनेनंतर बांधकामात बदल करण्याचे हे एक जुने भारतीय उदाहरण होय. त्याच शतकात कॉलऱ्याच्या साथी यात्रेकरूंबरोबर दूरवर पसरत असल्याचे दिसून आल्यावर पंढरपूरसारख्या क्षेत्री पाणीपुरवठा व स्वच्छता यांकडे शासनाचे लक्ष वेधले गेले.

स्वातंत्र्योत्तर काळात ३ फेब्रुवारी १९५४ रोजी अलाहाबाद (प्रयाग) येथील कुंभमेळ्यात मौनी अमावास्येच्या दिवशी शेकडो भाविक चिरडून मरण पावले. पुढे भारतातील मोठ्या मेळ्यांसाठी स्वतंत्र प्रशासनयंत्रणा, तात्पुरती रुग्णालये व एकमार्गी वाहतूक यांची पद्धत दृढ होत गेली. तथापि २९ जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा मौनी अमावास्येलाच, प्रयागच्या संगमतटावर किमान ३० भाविक मृत्युमुखी पडले. यंत्रणा वाढली म्हणजे धोका आपोआप घटतो असे नाही, हे यावरून दिसते.

पाश्चात्त्य देशांत या विषयाची पद्धतशीर मांडणी मुख्यतः क्रीडांगणांवरील दुर्घटनांमुळे झाली. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी आयब्रॉक्स क्रीडांगणाच्या जिन्यावर २ जानेवारी १९७१ रोजी ६६ प्रेक्षक मरण पावले. त्यानंतर १९७३ साली ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेविषयीची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. शेफील्ड येथील हिल्सबरो क्रीडांगणावर १५ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या दुर्घटनेत एकूण ९७ बळी गेले. जर्मनीतील डूइसबुर्ख येथे २४ जुलै २०१० रोजी एका संगीतमहोत्सवात २१ तरुण मृत्यू पावले. तेथे आत येणारे व बाहेर जाणारे लोक एकाच बोगद्यातून व उतारमार्गावरून परस्परांसमोर आले होते.

गर्दीचे यंत्रशास्त्र : दर चौ. मी. जागेत किती माणसे उभी आहेत, या संख्येस गर्दीची घनता म्हणतात. घनता दोनच्या आसपास असताना माणसे मोकळेपणी चालू शकतात. ती चार ते पाच झाली म्हणजे चालण्याचा वेग मंदावतो व अंगाला अंग लागू लागते. सहा-सातच्या पुढे व्यक्तीचे स्वतःच्या हालचालींवरील नियंत्रण संपते. समुदाय द्रवाप्रमाणे वागू लागतो आणि मागून आलेल्या रेट्याच्या लाटा त्यातून वाहत जातात. अशा वेळी माणूस इच्छा असूनही थांबू, वळू किंवा खाली वाकू शकत नाही.

चेंगराचेंगरीत माणसे पायांखाली तुडविली जाऊन मरतात असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळ मृत्यू छातीवर सर्व बाजूंनी पडणाऱ्या दाबामुळे श्वासोच्छ्वास बंद पडून होतात. कित्येकदा व्यक्ती उभ्या स्थितीतच गुदमरते. लोक घाबरून पळाल्याने दुर्घटना घडते, हा समजही अपुरा आहे. बहुधा दाब आधी निर्माण होतो व घबराट नंतर पसरते. पुढे काय घडत आहे हे मागच्यांस दिसत नाही. ते पुढे सरकतच राहतात. म्हणून गर्दीच्या पुढच्या टोकाची बातमी मागच्या टोकापर्यंत पोहोचविणे, ही सुरक्षिततेची पहिली गरज ठरते.

बाहेर पडण्याच्या वाटांचे गणित सोपे असते. उपर्युक्त ब्रिटिश मार्गदर्शिकेच्या अलीकडील आवृत्त्यांनुसार १ मी. रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ व पायऱ्यांवरून ६६ माणसे जाऊ शकतात. यावरून ३ मी. रुंदीच्या दरवाजातून मिनिटाला २४६ व आठ मिनिटांत १,९६८ माणसे बाहेर पडतील. मंडपात ५,००० लोक असतील व तो आठ मिनिटांत रिकामा करावयाचा असेल, तर दरवाजांची एकूण रुंदी किमान ७·६ मी. हवी. शिवाय एक दरवाजा आगीने वा अन्य कारणाने बंद झाला, तरी उरलेल्यांची रुंदी पुरेशी राहिली पाहिजे. दरवाजासमोर लावलेली दुचाकी वाहने, चपलांचे ढीग, खेळण्यांची दुकाने व स्वागताच्या कमानीचे खांब यांनी व्यापलेली रुंदी या हिशोबातून वजा करावी लागते.

महाराष्ट्रातील दुर्घटना : महाराष्ट्रात घडलेल्या काही घटनांवरून धोक्याचे निरनिराळे प्रकार स्पष्ट होतात.

नागपूर येथे २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. मोर्चा अडविलेल्या ठिकाणी गर्दी साचत गेली आणि पोलिसांच्या लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्यू पावले. मृतांमध्ये स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. जमाव अडविण्यासाठी उभारलेले कठडे मागे फिरण्याची वाट नसल्यास स्वतःच मृत्यूचे कारण ठरतात, हे या घटनेवरून दिसून आले.

नासिक येथे २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्याच्या शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावर ३९ भाविकांचा मृत्यू झाला. त्यापुढील २०१५ च्या सिंहस्थात घाटांची लांबी वाढविण्यात आली, येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे केले गेले आणि बाहेरगावची वाहने शहराबाहेरील तळांवर थांबविण्यात आली. चेंगराचेंगरीत बळी न जाता तो मेळा पार पडला. तथापि पहिल्या पर्वणीस कठडे व नाकेबंदी इतकी कडक होती, की भाविकांना फार मोठे अंतर पायी तोडावे लागले. त्यामुळे पुढील पर्वणीस ही बंधने सैल करण्यात आली. नियोजन कार्यक्रम चालू असताना बदलता आले पाहिजे, हे या उदाहरणाचे तात्पर्य होय.

मांढरदेव (ता. वाई, जि. सातारा) येथील काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी शाकंभरी पौर्णिमेच्या दिवशी सु. ३०० भाविकांचा बळी गेला. डोंगरावरील मंदिराकडे जाणारी वाट अरुंद असून तिच्या दुतर्फा दुकाने होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. काही भाविक घसरून पडले आणि मागून येणाऱ्यांचा लोंढा त्यांच्यावर कोसळला. यानंतर प्रक्षुब्ध जमावाने दुकाने पेटविली व दुकानांतील गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. या घटनेच्या चौकशीसाठी शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा एकसदस्य आयोग नेमला होता. अरुंद वाट, ओल्या पायऱ्या, दाटीवाटीची दुकाने आणि ज्वलनशील वस्तू यांपैकी प्रत्येक गोष्ट यात्रेपूर्वी डोळ्यांसमोर होती. त्या सर्व एका ठिकाणी व एका दिवशी एकत्र आल्याने धोका अनेक पटींनी वाढला.

खारघर (नवी मुंबई) येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्रभूषण पुरस्कार प्रदान करण्याच्या समारंभास लाखो लोक उघड्या मैदानात बसले होते. या प्रसंगी १४ जणांचा मृत्यू झाला. बहुसंख्य व्यक्तींना उष्माघाताची बाधा झाली होती. तापमापकावरील आकडा मराठवाडा वा विदर्भ यांच्या मानाने फार नव्हता; परंतु किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही व शरीराचे तापमान झपाट्याने वाढते. या घटनेनंतर राज्य शासनाने उन्हाच्या दिवसांत दुपारी बारा ते पाच या वेळात खुल्या मैदानावरील कार्यक्रमांस मनाई केली. उष्णतेचा धोका चेंगराचेंगरीप्रमाणे एकाएकी येत नाही. तो तासातासाने चढत जातो. म्हणूनच कोणत्या टप्प्यावर कार्यक्रम आवरता घ्यावयाचा, हे आधी ठरविणे येथे सर्वांत सोपे व सर्वांत आवश्यक असते.

ग्रामीण समारंभ : आपत्कालीन नियोजनाचा विचार बहुधा कुंभमेळ्यासारख्या प्रचंड मेळ्यांच्या संदर्भात होतो. परंतु राज्यातील बहुसंख्य समारंभ खेड्यांत होतात. तेथे पोलीसबळ थोडे, रुग्णालय दूर व आयोजक गावकरीच असतात. मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा (स्थापना १ मे १९९९) या दृष्टीने प्रातिनिधिक आहे. औंढा नागनाथ येथील ज्योतिर्लिंगाचे गर्भगृह तळघरासारख्या खोल जागी असून तेथे अरुंद वाटेने खाली उतरावे लागते. महाशिवरात्रीच्या यात्रेत अशा जागी एका वेळी किती भाविक सोडावयाचे, यावरच सर्व सुरक्षितता अवलंबून राहते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे कयाधू नदीकाठचे क्षेत्र याच जिल्ह्यात आहे. तेथील पावसाळ्यातील यात्रांत नदीच्या पाण्याचा विचार करावा लागतो. या प्रसिद्ध स्थळांखेरीज गावोगाव होणारे अखंड हरिनाम सप्ताह हा या भागातील सर्वांत परिचित समारंभ होय. शेवटच्या दिवशीचे काल्याचे कीर्तन व महाप्रसाद यांस पंचक्रोशीतील लोक येतात.

सप्ताहातील मुख्य धोका गर्दीपेक्षा अन्नाचा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील प्रसाद खाल्ल्याने परिसरातील गावांतील सु. २,००० लोक आजारी पडले. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे सप्ताहाच्या फराळातील भगर व आमटी खाल्ल्यानंतर सु. ५०० लोकांना उलट्या व जुलाब सुरू झाले. जवळच्या रुग्णालयात जागा न उरल्याने रुग्णांना बाहेर उघड्यावर निजवून, झाडांना बांधलेल्या दोरांवर सलाइनच्या बाटल्या टांगून त्यांच्यावर उपचार करावे लागले.

हे असे का घडते, हे साध्या हिशोबावरून कळते. उदाहरणादाखल सेनगाव तालुक्यातील साखरा यासारख्या गावी सप्ताहाच्या समाप्तीस ५,००० माणसे जेवली असे मानू. त्यांपैकी शेकडा पाच जणांना जरी विषबाधा झाली, तरी रुग्णांची संख्या २५० होते. प्राथमिक आरोग्यकेंद्रात सर्वसाधारणपणे ६ व ग्रामीण रुग्णालयात ३० खाटा असतात. म्हणजे आसपासची सर्व रुग्णालये रिकामी असती, तरी ती अपुरी पडतील. अशा स्थितीत रुग्णवाहिका बोलावण्यापेक्षा रुग्णांची वर्गवारी करणे महत्त्वाचे ठरते : सौम्य लक्षणे असलेल्यांना गावातील शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या इमारतीत ठेवून क्षारसंजीवनी देणे, लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व ग्लानी आलेले रुग्ण यांना आधी हलविणे, आणि सेनगाव, हिंगोली अशा निरनिराळ्या ठिकाणी रुग्ण विभागून पाठविणे. ही विभागणी त्या रात्री सुचत नाही. समारंभापूर्वी आरोग्यकेंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास तिथी व अपेक्षित संख्या कळविलेली असेल, तरच ती शक्य होते.

भगरीसारखे उपासाचे धान्य दमट हवेत फार दिवस साठविल्यास तीवर बुरशी वाढते व काही बुरशींपासून विषारी द्रव्ये तयार होतात. शिजविल्याने अशी द्रव्ये नष्ट होतीलच असे नाही. म्हणून सुट्या, जुन्या किंवा आधी दळून ठेवलेल्या भगरीऐवजी बांधणीची तारीख असलेली भगर घेणे, ती निवडून व धुऊन वापरणे आणि लागेल तेवढीच दळणे हे उपाय सुचविले जातात. इतर अन्नाच्या बाबतीत जंतूंचा धोका अधिक असतो. ५° ते ६०° से. या दरम्यानच्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. सकाळी शिजविलेला भात किंवा भाजी मोठ्या कढईत झाकून दुपारपर्यंत ठेवणे म्हणूनच घातक ठरते. एकदम सर्व स्वयंपाक करण्याऐवजी पंगतींप्रमाणे तो टप्प्याटप्प्याने करणे, आचाऱ्यांच्या हातांवरील जखमा व आजार यांची चौकशी करणे, टँकरच्या पाण्याचे क्लोरिनीकरण करणे आणि प्रत्येक पदार्थाचा नमुना थंड जागी राखून ठेवणे या गोष्टींना खर्च फारसा येत नाही.

उन्हाळ्यातील विवाह व सप्ताह यांना ऊन व वीज असे आणखी दोन धोके असतात. हिंगोली परिसरात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४०° से. च्या पुढे जाते. याच दिवसांत दुपारनंतर वळवाच्या सरी व विजांचा कडकडाट होतो. लोखंडी खांबांचा कापडी मंडप विजेपासून संरक्षण देत नाही. वादळी वाऱ्यात तो कोसळण्याचीही भीती असते. वीज चमकणे व गडगडाट ऐकू येणे यांतील अंतर तीस सेकंदांहून कमी असल्यास वीज धोक्याच्या टापूत आली असे समजून लोकांना पक्क्या इमारतीत हलवावे व शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे तेथेच थांबवावे, असा संकेत आहे. विजेची पूर्वसूचना देण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ ही भ्रमणध्वनीवरील सेवा विकसित केली आहे.

नियोजनाची अंगे : समारंभाचे स्वरूप कोणतेही असले, तरी आपत्कालीन नियोजनाची पुढील अंगे समान असतात.

(१) धोक्यांची पाहणी : आयोजकांनी समारंभाच्या वेळीच, म्हणजे रात्रीचा कार्यक्रम असल्यास रात्री, जागेची पायी पाहणी करावी. विहिरी, तळी, विजेच्या तारा, उतार, पायऱ्या व चिंचोळ्या जागा यांची नोंद करून साधा नकाशा काढावा. प्रत्येक धोका घडण्याची शक्यता किती व घडल्यास हानी किती, या दोन कसोट्यांवर त्याचा क्रम लावावा.

(२) क्षमतेचे निर्धारण : जागेत किती लोक सुरक्षितपणे मावतील, हे जागेच्या क्षेत्रफळावरून व बाहेर पडण्याच्या वाटांच्या रुंदीवरून काढावे आणि त्यांतील लहान संख्या ग्राह्य धरावी. निमंत्रणे, जाहिरात व वाहनव्यवस्था त्या संख्येशी सुसंगत असावी.

(३) वाटांचे विभाजन : येण्याची वाट, जाण्याची वाट व रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांची वाट अशा तीन वाटा वेगळ्या राखाव्यात. तिसरी वाट कोणत्याही सबबीखाली दुकानांस वा वाहनतळास देऊ नये.

(४) संदेशवहन : मुख्य ध्वनिक्षेपक बंद पडल्यास दुसरा, स्वतंत्र बॅटरीवर चालणारा हवा. मोठ्या गर्दीत भ्रमणध्वनी चालेनासे होतात, हे गृहीत धरून निरोप्यांची साखळी ठरवावी. धोक्याच्या वेळी करावयाची घोषणा आधीच लिहून ठेवावी. तीत ‘घाबरू नका’ एवढेच न सांगता कोणी, कोणत्या बाजूस जावयाचे ते स्पष्ट सांगावे.

(५) थांबविण्याचा अधिकार : हे नियोजनाचे सर्वांत महत्त्वाचे व सर्वाधिक दुर्लक्षित अंग होय. कार्यक्रम थांबविणारी एक व्यक्ती व तिच्या अनुपस्थितीत दुसरी व्यक्ती नावानिशी नेमलेली असावी. ती व्यासपीठावरील मानकरी नसावी, कारण व्यासपीठावरून गर्दीचे पुढचे टोकच दिसते. थांबविण्याच्या खुणाही आधी ठरवाव्यात. उदा., दर्शनाच्या रांगेतील माणसांना हात वर करता येईनासे होणे, एका तासात ठराविक संख्येहून अधिक लोकांना भोवळ येणे, एकाच पंगतीतील चार-पाच जणांना उलट्या होणे, किंवा गडगडाट ऐकू येणे. अशी खूण दिसताच चर्चा न करता ठरलेली कृती करावी. पहिल्या पाच रुग्णांनंतर वाढप थांबविले, तर पुढच्या पंगती वाचतात. प्रमुख पाहुणे यावयाचे आहेत, लोक नाराज होतील, गावाची लाज जाईल, या कारणांनी झालेल्या विलंबाची किंमत इतरांना भोगावी लागते.

(६) पर्यायी स्वरूप : समारंभ पूर्णपणे रद्द करणे आयोजकांस जड जाते. त्यामुळे लहान किंवा वेगळे स्वरूप आधी ठरविलेले असल्यास निर्णय सुकर होतो. कोविड-१९ च्या साथीत २०२० साली आषाढी वारीचा पायी सोहळा झाला नाही. तथापि संतांच्या पादुका ३० जून रोजी राज्य परिवहनाच्या बसमधून मोजक्या मानकऱ्यांसह पंढरपुरास नेण्यात आल्या. परंपरेचा गाभा राखून गर्दी टाळण्याचे हे उल्लेखनीय उदाहरण होय.

(७) सराव व समालोचन : स्वयंसेवकांना त्यांच्या जागा व कामे प्रत्यक्ष जागेवर समजावून द्यावीत. समारंभ संपल्यावर थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचीही नोंद करून ती पुढील वर्षाच्या आयोजकांकडे सोपवावी.

परंपरेतील शिस्त : या विषयाची परिभाषा आधुनिक असली, तरी तत्त्वे महाराष्ट्रास अपरिचित नाहीत. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास आजची शिस्त लावली. रथाच्या पुढील व मागील दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात आणि प्रत्येक वारकऱ्याची नोंद त्याच्या दिंडीपाशी असते. त्यामुळे लाखांचा समुदाय लहान, परस्परांना ओळखणाऱ्या गटांत आपोआप विभागला जातो. मुक्कामी होणाऱ्या समाज-आरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावताच टाळमृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते आणि चोपदार तिच्याकडे जाऊन तक्रारीचे निवारण करतो. गर्दी थांबविण्याची सर्वमान्य खूण, ती खूण करणारी ठराविक व्यक्ती व खालून वर बातमी पोहोचविण्याची सोय या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आढळतात [⟶ वारकरी पंथ].

कायदेशीर तरतुदी : सार्वजनिक जमाव व मिरवणुका यांचे नियमन महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये होते. जमावबंदीचे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली काढले जात. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते व जिल्ह्याचा आराखडा तयार करणे हे त्याचे कर्तव्य आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१४ मध्ये सामूहिक मेळाव्यांतील गर्दीच्या व्यवस्थेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आगीच्या संदर्भात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आणि अन्नाच्या संदर्भात अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ यांतील तरतुदी महत्त्वाच्या आहेत. तातडीच्या वैद्यकीय साहाय्यासाठी राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा चालू आहे.

मर्यादा : आपत्कालीन नियोजनाने धोका नाहीसा होत नाही, तो कमी होतो व घडलेली हानी आटोक्यात राहते. केवळ परवानगी मिळविण्यासाठी तयार केलेला, मागील वर्षाच्या कागदांवरून उतरविलेला आराखडा निरुपयोगी असतो. अतिरेकी बंदोबस्तानेही नवे धोके उद्भवतात, हे वर दिलेल्या उदाहरणांवरून स्पष्ट होते. त्याचप्रमाणे जबाबदारी अनेक समित्यांत वाटली गेल्यास निर्णयाच्या क्षणी ती कोणाचीच राहत नाही. ग्रामपंचायत, यात्रासमिती, पोलीस ठाणे व आरोग्यकेंद्र यांच्या प्रतिनिधींनी समारंभापूर्वी एकदा एकत्र बसून, कोणत्या खुणेवर कोणी कार्यक्रम थांबवावयाचा एवढे जरी लेखी ठरविले, तरी लहान गावाच्या नियोजनाचा मोठा भाग पूर्ण होतो. त्यास मोठा निधी वा विशेष यंत्रसामग्री लागत नाही. आलेला प्रत्येक पाहुणा सुखरूप घरी पोहोचला, म्हणजे समारंभ संपन्न झाला असे मानणे, हीच या नियोजनामागील भूमिका होय.